आखाजीचं पस्तान

छ. संभाजीनगर
२ मे २०२४

माझ्या आईचं नाव घेऊन अमेरिकेत जाऊन बसलेल्या बाई,

आधी तुझ्या आत्याचा, म्हणजे ह्या बानाबाईचा आशीर्वाद घे आणि मग पुढं वाच. फोनवर तू तीन वाक्यांत उरकतेस. आणि मला मोबाईलवर टाईप करायचं जमत नाय, माझं एक बोट दोन अक्षरांवर बसतं. म्हणून अंगणवाडीच्या जुन्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. हसू नको. फोटो वाकडा आला तर तुझा फोन वाकडा कर.

परवा तू जे समजावलंस ते मला कळलं का बघ. बाहेरदेशातनं शिकायला आलेल्या पोरांना तिथं कुणाच्या हाताखाली काम करायची मनाई. विद्यापीठात अशा पोरांचं वेगळं ऑफिस हाय, त्यांनी परवानगीचा कागद दिला तरच करता येतं. ते बी कागदावर लिहिलेल्या जागीच आणि लिहिलेल्या तारखेपासनंच. तुझा कागद आला. जागा म्हणजे ती मेंढ्यांची मोठी फार्म, तारीख वीस मे. उन्हाळाभर तिथं काम केलंस आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना पसंत पडलीस, तर त्याच तुला पुढं पीएच.डी.ला आपल्याकडं घेणार. बरोबर? एवढं तर तुझ्या आत्याला कळतंच. फक्त इंटर्नशिप म्हणताना जीभ अडखळती, म्हणून मी गल्लीत सांगताना 'आमची आवडा उमेदवारी करणार' असं सांगते. तर निवडणुकीचे दिवस, लोक विचारतात कुठल्या पक्षाकडनं.

केरबाचं विचारलंस. तुझा बाप बराय. मेंढरांचा वाडा सध्या देवगाव रंगारीच्या अलीकडं एका पाटलाच्या वावरात बसलाय. पाटलाला खत मिळतं, ह्यांना दाणे. दिवाळीला तू 'अजून पाच वर्षं' म्हणलीस तवापासनं तो फोनवर येत नाय हे खरं हाय, ते मी झाकून काय ठेवू. तो दोन वर्षांवर राजी झाला व्हता. पोरगी परत येईल, पशुसंवर्धन खात्यात लागेल, सरकारी जीपमधनं गावोगाव हिंडेल, आपला वाडा दिसला की जीप थांबवेल, इतकं त्यानं मनात मांडून ठेवलेलं. पण तुझी आई, सखूवहिनी, तुझ्याशी बोलायला लागली की तो तिथंच बाजूला सुतळी वळत बसतो. सुतळी संपत नाय न् तुमचं बोलणं संपलं की तो उठतो. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

आता कामाचं. वीस तारीख काय मला भारी वाटत नाय. साधा सोमवार हाय. त्याच्या आधी दहा तारखेला आखाजी येती, कॅलेंडरातली अक्षय तृतीया. साडेतीन मुहूर्तातला दिवस हातातनं सोडून साध्या सोमवारी कशाला सुरुवात करायची? मला ठावं हाय, तारीख बदलत नाय. पण आपल्याकडं ह्यावर इलाज हाय. वाडा हलवायचा दिवस चांगला नसंल तर तुझा आज्जा काय करायचा? आदल्या चांगल्या दिवशी एक काठी आणि घोंगडीचा तुकडा पुढल्या मुक्कामी ठेवून यायचा. पस्तान ठेवलं म्हणजे आपण निघालोच. मग माणसं-मेंढरं कधी का जाईनात. तुझ्या बॅगेत तळाला मी घोंगडीचा तुकडा टाकलेला हाय. आखाजीला फार्मवर जा, कुठंतरी कोपऱ्यात ठेव, नमस्कार कर आणि माघारी ये. त्यात कुणाचं काय जातंय.

नळाला आज पाणी येणार हाय. आलं की पुन्हा कधी येईल नेम नाय, म्हणून इथंच थांबते.

तुझी आत्या


११ मे

आवडे, आवडाबाई, माझे आये,

आज मला कुणी दगड मारला तरी मी हसंल.

तू काल फोन केलास तवा मी पुरणाचं काढून ठेवलं व्हतं, ते तसंच झाकून बसले ऐकत. पुन्हा एकदा सगळं माझ्याच तोंडानं म्हणते, कारण मला म्हणायला गोड वाटतंय. वर्गातल्या पोरीनं गाडीनं तुला फार्मवर सोडलं. तू त्या लांबलचक गोठ्यात खांबाच्या बुडाशी घोंगडीचा तुकडा ठेवलास. हात जोडून उठतेस तर पलीकडं मेंढी कण्हती. व्यायचा हंगाम, माणसं सगळी दुसऱ्या टोकाला, आणि तिथं एकटा नवशिका गडी, त्याचा चेहरा पांढरा. तू वाकून बघितलंस तर एक पाय बाहेर आणि मुंडकं मागं वळलेलं. तू बाह्या वर केल्यास, हात धुतलेस आणि आत घातलास. कोकरू मागं रेटलंस, मुंडकं फिरवून पुढं आणलंस, मेंढीनं कळ दिली तशी ओढलंस. मेंढी मोकळी झाली आणि थोड्या वेळानं उठून उभी राहिली.

मी परभणीच्या कॉलेजच्या पाच वर्षांच्या फिया भरल्या त्या कालच्या दिवशी वसूल झाल्या. ढोराची डॉक्टरीण करून काय करायचं म्हणणाऱ्या सगळ्यांना आज मी मुद्दाम भेटून आले.

आणि शेवटी जे सांगितलंस त्यानं तर मला नाचावं वाटलं. तिथला साहेब एवढा खूश झाला की त्यानं तो दिवस तुझ्या पगारात धरायला सांगितलं. पहिली कमाई, न् ती आखाजीची. बघ, पस्तानाचा गुण. मी तुला म्हणलं नव्हतं? तू आपली 'आत्या, तारीख वीस हाय, मला पैसे नको होते' असलं काहीतरी पुटपुटत व्हतीस. आलेल्या लक्ष्मीला कुणी असं पुटपुटून घरात घेतं का.

वहिनीला फोन केला. तिनं स्पीकर लावलेला व्हता, मला कळलं, कारण मागनं मेंढरांचा आवाज येत व्हता आणि सुतळीवाला एकदा खाकरला. मी मुद्दाम मुंडक्याचं सगळं खुलासेवार सांगितलं. तो काय बोलला नाय. पण खाकरला.

परवा तेराला मतदान हाय. मला बूथवर पाणी वाटायला बसवलंय. ऊन असं हाय की माणसं मत द्यायला कमी आणि पाणी प्यायला जास्त येतील.

तुझी फुगलेली आत्या


१४ मे

आवडे,

आधी रडायचं थांबव. तुझा काल आलेला आवाज मी दिवसभर कानात घेऊन बूथवर बसले. दोघा-तिघांना रिकामाच ग्लास दिला. म्हाताऱ्या लोकांना वाटलं मलाच ऊन लागलंय.

तू सांगितलंस ते असं, की त्या परदेशी पोरांच्या ऑफिसानं सगळ्यांना एकत्र बसवून नियम सांगितले. कागदावरच्या तारखेच्या एक दिवस आधी जरी कुणाकडं काम करून पगार घेतला तरी ते बेकायदा. विद्यार्थी म्हणून नाव कापलं जाऊ शकतं. नाव कापलं म्हणजे फार्म गेली, पीएच.डी. गेली, आणि काळं तोंड घेऊन माघारी यायचं. आणि तुझ्या पगारात दहा मे लागलेला हाय. तू दहा वाजून काय मिनिटांनी आत गेलीस ते बी तिथल्या यंत्रात हाय म्हणालीस.

ह्या सगळ्यात दहा तारीख कुणी काढली? मी. साध्या सोमवारी गेली असतीस तर काय बिघडणार नव्हतं. हे मी लिहून टाकते म्हणजे तुला पुन्हा 'तुझी चूक नाही आत्या' म्हणायचा त्रास नको.

सकाळी उठून औरंगपुऱ्यात गेले, बद्रीनाथ सरांच्या क्लासमध्ये. तुझा व्हिसाचा अर्ज त्यांनीच भरून दिला व्हता ना. जिन्यावर तुझा फोटो अजून लावलेला हाय, बाकीच्या पोरांच्या मधोमध. मला बघून सर उठले, चहा मागवला. मी तुझं नाव न घेता सांगायला लागले की एक ओळखीतली मुलगी हाय. ते म्हणाले, "काकू, आवडालाच झालंय ना?" मी म्हणलं, व्हय.

सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, बोंबाबोंब करू नका. फार्मच्या साहेबाला गोड बोलून तो दिवस पगारातनं काढून टाकायला सांगा. ऑफिसात चकार शब्द काढायचा नाय. आणि कुणी विचारलंच तर, बघायला गेले होते, कशाला हात लावला नाही, एवढंच म्हणायचं. बाकीची पोरं ह्याच्याहून मोठी मोठी झाकतात, काकू.

मला पटलं. खोटं कशाला बोलू, लई पटलं. जिना उतरताना तर वाटलं की गेलेला जीव माघारी आला. तर बाई, तू आता तसंच कर. तोंड गच्च मिट, वीस तारखेला जा, उन्हाळा काढ. एकदा पीएच.डी.ला बसलीस की कोण कशाला दहा मे उकरून काढतंय.

केरबाला मी काय सांगणार नाय. तू म्हणालीस तसं तो आधीच तोंड फिरवून बसलाय, त्याला अजून एक निमित्त नको. शब्द दिला.

जेव. मुगाची खिचडी टाकायला काय लागत नाय.

आत्या


१६ मे

आवडाबाई केरबा,

परवा तू माझा फोन अर्ध्यात ठेवलास. माझ्या घरात शाळा शिकलीस, माझ्या ताटात जेवलीस, आणि माझाच फोन ठेवतेस. आईचं नाव हाय म्हणून तुला शिवी देता येत नाय, हे तू लहानपणापासनं ओळखून बसलेली हायेस.

फोन ठेवायच्या आधी काय म्हणलीस ते मी विसरले नाय. म्हणलीस, "आत्या, पाच वर्षं मला कुणी मागनं हाक मारली की मी दचकू का? आणि मी त्या मेंढीला हात लावला नाही असं माझ्या तोंडून निघणार नाही." मी म्हणलं, तुझ्या तोंडाचं कौतुक राहू दे, तुझं शिक्षण वाचव. तर ठेवलास.

मी रागानं भांडी घासली. एका पातेल्याचा कान गेला.

आता दुसरं सांगते, आणि ओरडू नको. दिलेला शब्द मी मोडला. काल केरबा शहरात आला व्हता, मेंढरांना जंताचं औषध न्यायला. औषध घेतलं की तो परस्पर एसटीनं जातो, माझ्याकडं येत नाय. काल आला. पिशवी दाराशी ठेवली, खाली बसला, चहा अर्धा प्याला आणि म्हणला, "वहिनीच्या फोनवर कुणाचा फोन नाय आला दोन-चार दिस." वहिनी म्हणजे त्याची स्वतःची बायको, बरं का. तुझं नाव घ्यायचं नाय म्हणून बायकोला वहिनी म्हणायला लागलाय.

मी म्हणलं परीक्षा असंल. तो माझ्याकडं बघत राहिला. तुला ठावं हाय तो कसा बघतो. मेंढी लंगडत असली की तो काय विचारत नाय, नुसता मागं चालत राहतो. मग मी सगळं सांगून बसले. आखाजी, पस्तान, पगार, ऑफिस, नाव कापायचं, बद्रीनाथ सर, आणि तू हट्टाला पेटलीस ते बी.

त्यानं सगळं ऐकलं. म्हणला, "मेंढी अडली व्हती न्हवं?"

मी म्हणलं, व्हय.

म्हणला, "मग?"

एवढंच. चहा तसाच ठेवला. मी म्हणलं थांब, पोरीला फोन लावते, बोल तिच्याशी. तर पायताण घालायला लागला. पिशवी घेऊन गेला.

तो गेल्यावर मी बसले विचार करत. आपल्या वाड्याशेजारी दुसऱ्याचा वाडा असला आणि रानात त्याची मेंढी अडली तर आपण काय त्याच्या मालकाची वाट बघतो? आणि मालक पैसे द्यायला लागला तर आपल्याला राग येतो. तू काय वेगळं केलंस. आणि आता तेवढ्यासाठीच तुला 'मी हात लावला नाय' म्हणायला मी शिकवत व्हते. मला माझाच राग आला. बद्रीनाथ सरांचा नाय. त्यांना बिचाऱ्यांना काय ठावं मेंढी अडणं म्हणजे काय.

तर तुझं खरं, माझं खोटं. तू त्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून टाकलंस ते बरोबरच केलंस. सकाळी तुझा मेसेज आला की ऑफिसातल्या बाई म्हणतात, दहा तारखेला तू तिथं कशाला गेली व्हतीस ते लिहून दे, आणि घरच्या कुणाला त्याबद्दल ठाऊक असंल तर त्यांचं बी लिहून आण. मला ठावं हाय. माझ्याहून जास्त कुणाला ठावं असणार. माझं पत्र ह्याच्यासोबत पाठवते. तू त्याचं इंग्रजी कर. पण सांगून ठेवते, एक शब्द गोड करायचा नाय आणि एक शब्द गाळायचा नाय. मी कुठं रागावले असंल तर तिथं तू बी रागावूनच लिही.

आत्या


१६ मे २०२४
छ. संभाजीनगर, महाराष्ट्र

परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या मॅडम यांस नमस्कार.

मी बानाबाई. आवडा ही माझ्या भावाची मुलगी. माझा भाऊ मेंढपाळ आहे, तो वर्षातले बरेच महिने मेंढ्या घेऊन फिरतीवर असतो. म्हणून आवडा दहा वर्षांची असल्यापासून शाळेसाठी माझ्या घरी राहिली. मी अंगणवाडीत लहान मुलांना शिकवते. मला इंग्रजी येत नाही. हे पत्र आवडाच तुम्हाला इंग्रजीत करून देईल. तिने बदल केला असे वाटले तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, माझी हरकत नाही.

दहा मे रोजी ती त्या फार्मवर कामाला गेली नव्हती. मी पाठवले म्हणून गेली होती. आम्हा लोकांत मुक्काम हलवायचा दिवस चांगला नसला तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू पुढच्या जागी ठेवून येतात. त्याला पस्तान ठेवणे म्हणतात. दहा मे हा आमचा मोठा चांगला दिवस होता. तिने घोंगडीचा एक तुकडा तिथे ठेवला. घोंगडी म्हणजे आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीची जाड कांबळी. तुकडा अजून खांबाखाली असेल, कुणी झाडून टाकला नसेल तर. तुम्हाला हे वेडेपण वाटेल. पण तुमच्याकडेही शुभ-अशुभ काही मानत असतील, नसतील तर चांगलेच आहे.

ती परत निघाली होती तेव्हा एक मेंढी अडलेली तिला दिसली. तिने हात घालून कोकरू बाहेर काढले. मला एका शिकलेल्या माणसाने सांगितले की, तिने हात लावला नाही असे लिहा. तसे लिहिले असते तर तुमचे काम सोपे झाले असते आणि माझेही. पण हात तिने लावला. आमच्यात कुणाच्याही वाड्यातली मेंढी अडली तर येणारा-जाणारा हात लावतो. त्याला आम्ही काम म्हणत नाही आणि त्याचे पैसे घेत नाही. घेतले तर लोक नावे ठेवतात.

मग पैसे कसे लागले, असे तुम्ही विचाराल. ते फार्मच्या साहेबांनी खुशीने लावले. आवडाने त्याच वेळी ठामपणे नको म्हणायला हवे होते. ती नुसतीच पुटपुटली. तिचा स्वभाव तसा आहे, मोठ्यांपुढे पुटपुटते. आणि इकडे मी पहिली कमाई म्हणून नाचत होते, त्यामुळे तिला माझ्यापुढे दुसऱ्यांदा नको म्हणता आले नाही. नियम तिला माहीत होता. मलाही तिने तारीख सांगितली होती. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

तुमचा नियम मोडला असेल तर त्याची जी शिक्षा असेल ती तिला द्या. मी काय सांगणार. फक्त खोटारडी म्हणून देऊ नका. ती लहान असताना माझ्या घरातला गूळ चोरून खायची, आणि विचारले की तोंड पुसायच्या आधीच हो म्हणायची. अजून तशीच आहे. तिला तिथे मेंढ्यांवर शिकायचे आहे, पीएच.डी. करायची आहे. आमच्या घराण्यात इतक्या पिढ्या मेंढ्या राखल्या, त्यांच्यावर शिकणारी ही पहिलीच.

तुमच्या घरी सगळे खुशाल असोत.

बानाबाई


२४ मे

आवडे, माझ्या बाळा,

तुझा मेसेज मी पाच-सहा वेळा वाचला. वहीत लिहून बी काढला, म्हणजे नीट कळंल. चांगलं आधी लिहिते. त्या मॅडमनी तुझं खरं मानलं. विद्यार्थी म्हणून तुझं नाव जसंच्या तसं राहिलं, कापलं नाय. फार्मनं तो दिवस पगारातनं रद्द केला आणि पाहुणी म्हणून आली होती, संकटात मदत केली, असं लिहून दिलं. मॅडमनी माझ्या पत्राची प्रत तुझ्या फायलीला लावून घेतली, आणि वाचताना गुळापाशी हसल्या म्हणालीस. देव त्यांचं भलं करो.

आता वाईट. फार्मचा वकील घाबरला. म्हणला, ह्या मुलीला ह्या उन्हाळ्यात घ्यायचंच नाय, आपल्याला नसती चौकशी नको. तुझी परवानगी रद्द झाली. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला वाईट वाटतंय, पीएच.डी.साठी हिवाळ्यात सगळ्यांसारखा अर्ज कर, बघू. 'बघू' म्हणजे काय ते दोन्ही देशांत सारखंच असावं. आणि मॅडमचा सल्ला असा की फाईल पुरती मिटेस्तोवर देशाबाहेर जाऊ नको, परत आत येताना दारात अडवतील.

म्हणजे काम बी नाय आणि घर बी नाय.

मला लई वाईट वाटतंय, आवडे. मेसेज वाचायला लागले तवा फार्म गेल्याचं आधी आलं, आणि मी पापीण, मला पहिल्यांदा वाटलं की बरं झालं, आता उन्हाळ्यात पोरगी घरी येईल. मी उठून तुझ्या खोलीतली पोती बाहेर काढली. पंखा पुसला. मग खाली येऊन पुढचं वाचलं, तवा मी पोत्यावरच बसले आणि रडले. तुझं गेलं म्हणून रडले आणि तू येणार नायस म्हणून बी रडले, कुठलं किती ते मला सांगता येत नाय.

पण तू जे केलंस ते मला पसंत हाय. उद्या कुणी मागनं हाक मारली तर तू आरामात वळून बघशील.

आता ऐक. उन्हाळाभर तोंड पाडून बसायचं नाय. हिवाळ्याचा अर्ज आत्तापासनं लिहायला घे. एका जागी नाय, पाच जागी कर. सारखं मेंढ्यांचंच नको, शेळ्यांचं असंल तिथं बी कर, शेळीला काय पीएच.डी. वर्ज्य नाय. अर्जात काय लिहायचं सुचलं नाय तर मला विचार, मी बरं लिहिते असं आता अमेरिकेतले लोक बी मानतात. वर्गातल्या त्या गाडीवाल्या पोरीला घरी बोलव, भाकरी करून घाल. भाकरी फुगली नाय तर पीठ जुनं झालंय, टाकून दे. बद्रीनाथ सरांना मी भेटून आले. म्हणलं, सर, पोरीनं तुमचं ऐकलं नाय, फोटो उतरवायचा असंल तर उतरवा. ते म्हणाले, राहू द्या काकू. आणि खुर्ची घेऊन त्यांनी तो सरळ केला, वाकडा झाला व्हता.

इथवर लिहिलं आणि दारात केरबा. सोबत सखूवहिनी. वाडा चौक्याच्या घाटाजवळ आलाय, तुझ्या भावाला राखणीला बसवून दोघं सकाळच्या गाडीनं आली. केरबा भिंतीला टेकून बसला आणि वहीकडं बोट करून म्हणला, "वाच."

आधीची पानं बी वहीतच व्हती, मी पहिल्यापासनं सगळं वाचून दाखवलं. परवानगी गेली, उन्हाळा गेला, पीएच.डी.चं बघू, यायचं बी नाय. त्याचं स्वतःचं आलं तिथं मी गाळणार व्हते, पण वहिनी म्हणली वाच, तेवढं बी वाचलं. मधी वहिनीनं पदर डोळ्याला लावला. तो खाली बघत ऐकत व्हता. संपल्यावर म्हणला, "ह्यात एक आलं नाय."

मी म्हणलं, काय?

म्हणला, "कोकरू जगलं का?"

आवडे, दोन हप्ते झाले, मी विचारलं नाय. बद्रीनाथ सरांनी विचारलं नाय, तुझ्या मॅडमनी नाय, वकिलानं तर नायच. मुंडकं मागं वळलेलं, मेंढी उठली, एवढं तू सांगितलंस आणि मी पगाराकडं धावले. तुला बी कुणी विचारलं नाय म्हणून तू सांगितलं नाय, का दुसऱ्या कशामुळं सांगितलं नाय, ते मला ठावं नाय.

मी त्याला म्हणलं, मला काय विचारतोस, तिला विचार. मला वाटलं पायताण घालील. तर त्यानं हात पुढं केला आणि म्हणला, "दे."

माझा फोन आता त्याच्या हातात हाय. दिवाळीपासनं त्यानं तुझा नंबर लावलेला नाय, आणि कुठलं बटन दाबायचं ते तो कुणाला विचारणार नाय. नुसता फोनकडं बघत बसलाय. म्हणून ह्या पानाचा फोटो वहिनीच्या फोनवरनं पाठवते. वाचलंस की माझ्या नंबरवर लाव. मी उचलणार नाय.